पाच ते साडेपाच

दुपारी तीनच्या सुमारास आमच्या फाटकाची कडी वाजायची आणि बाहेर विश्वंभरमामा उभे असायचे. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, दाढी गुळगुळीत. पाच वाजता बंदूक चालवायची परवानगी मागायला हा माणूस रोज तीन वाजता घरातून निघायचा.

बंदूक कसली, छर्‍याची. फार तर पत्र्याच्या डब्याला पोचा पडतो तिने. तिला लायसन लागत नाही, हे मीच त्यांना एकदा फोनवर शोधून दाखवलं. मामांनी ते नीट वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाले, "सरकारचं लागत न्हाई ना? मंग शेजाऱ्याचं तर घ्यावंच लागंल."

आमचं घर शेतातच, कुंभार पिंपळगावच्या पुढे, मोसंबीच्या बागेला लागून. मामांचं शेत आमच्या बांधाला. परवानगीचा कार्यक्रम ठरलेला असे. "बागेत माणसं लावली का?" "नाही." "पाव्हणे येऊन राह्यले का कोणी?" "नाही, मामा." "दुखण्याचं कोणी झोपलेलं?" यावर बायको आतून ओरडायची, "सगळे ठणठणीत आहेत, चहा घ्या!" चहा संपला की मामा उठून जाहीर करत, "मंग आज पाच ते साडेपाच. पंधरा छर्रे. मोजून."

इथून ते चांदभाईंकडे जात. चांदभाईंच्या म्हशीने एकदा बंदुकीच्या आवाजाने पान्हा चोरला होता, तेव्हापासून त्या म्हशीची तब्येत मामा सख्ख्या बहिणीसारखी विचारत. मग सुमनकाकूंच्या कोंबड्या. तीन घरं, तीन चहा, दोन तास. आणि नेम धरायचा अर्धा तास!

या सगळ्याचं मूळ जालन्यातल्या एका बँकेत होतं. मामा तीस वर्षं तिच्या दारावर उभे होते. खांद्याला दुनळी, कमरेला काडतुसांचा पट्टा, आणि तीस वर्षांत एकही बार नाही. "चोर आलाच न्हाई हो," असं ते इतक्या खिन्नपणे सांगत की आपल्याला चोराचाच राग यावा. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ही बंदूक घेऊन आले.

नेम यथातथाच होता. विहीर खोदताना निघालेल्या मातीच्या ढिगाला ते लग्नपत्रिका टोचून ठेवत. आधी पत्रिकेवरचा गणपती कातरीने कापून देवघरात, मग मागच्या कोऱ्या बाजूवर मामींच्या बांगडीने गोल. मामींना जाऊन चार वर्षं झाली होती. बांबूला लाल फडकं चढवलं की बंदूक सुरू, उतरवलं की बंद.

आता माझी अक्कल ऐका. दिवाळीनंतर बागेत तोडणी चालू, दारात व्यापाऱ्याचा टेम्पो, आणि मामा एकेका मजुराला विचारून राह्यले होते, "तुम्हाला आवाजाचा तरास तर न्हाई ना?" मला काम अडलेलं खपत नाही. मी तिथल्या तिथे तिन्ही घरांचा आणि मामांचा व्हाट्सअ‍ॅप ग्रुप काढला. म्हणालो, "मामा, उन्हातान्हात हिंडता कशाला? यात टाकत जा, आम्ही अंगठा देतो."

मामांनी फोन खिशात ठेवला. "बराबर हाय," म्हणाले. "तुमच्या कामाचा खोळंबा नको."

दुसऱ्या दिवसापासून मामा यायचे बंद झाले. तीन वाजता ग्रुपवर मजकूर येई, 'आज पाच ते साडेपाच.' तिन्ही घरांचे अंगठे पडत. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

तीनेक आठवड्यांनी मोटारीचा पाना मागायला मी त्यांच्याकडे गेलो. सव्वापाच वाजले होते. लाल फडकं वर होतं, म्हणून मी लांबूनच हाका मारत, मागच्या बाजूने गेलो. मामा बाजेवर बसले होते. बंदूक फडक्यात गुंडाळलेली, हातात फोन.

"काय मामा, आज थांबलात?"

"स्प्रिंग गेली."

"आज?"

"पोळ्याच्या आधी गेल्ती," मामा म्हणाले.

मी मनात हिशेब लावला. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत हा माणूस बंद बंदुकीची परवानगी मागत रोज माझ्या दारात येत होता, आणि मी ती देत होतो.

मामांनी फोन पुढे केला. "अंगठे बराबर येतेत. पण भाऊ, बँकेत अंगठा देणारा माणूसबी दोन शब्द बोलायचा. दिवसभर राम राम घालू घालू तोंड दुखायचं माझं. आता बिनकामाचं कोणाच्या दारात रोज कसं जावं? बंदुकीचं काम बरं होतं."

मी पाना न मागताच परतलो आणि तडक चांदभाईंकडे गेलो. ते म्हशीला पेंड घालत होते. माझं ऐकून त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

"मालूम होतं," ते म्हणाले. "ही पाच वाजता बिलकुल शांत उभी राहायला लागली, तेव्हाच समजलं. मामू विचारायचे, मी म्हणायचो, चलाव. आमच्या घरात चहा ठेवलेला असायचा. तू ग्रुप काढला, मंग मी काय बोलणार?"

म्हणजे म्हशीला कळलं होतं. शेजारी असून कळलं नव्हतं ते मला एकट्याला! इतकी लाज मला बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, 'उद्यापासून फोनवर परवानगी मिळणार नाही. घरी येऊन विचारावं.' चांदभाईंचा अंगठा लगेच आला, सुमनकाकूंचा आला. मामांचा आला नाही.

दुसऱ्या दिवशी अडीचपासून मी फाटकाकडे कान लावून बसलो होतो. तीनला कडी वाजली. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची ताजी खूण.

"बागेत माणसं लावली का?"

"नाही."

"पाव्हणे?"

"नाही, मामा."

चहा झाला. मामा उठले, क्षणभर अडखळले आणि म्हणाले, "मंग आज पाच ते साडेपाच. पंधरा छर्रे."

मी कपाळाला जमतील तेवढ्या आठ्या घातल्या.

"चालवा. पण मामा, तुमच्या बंदुकीचा आवाज फार येतो हो. रोज येऊन विचारल्याशिवाय चालवायची नाही."

"बिलकुल," मामा म्हणाले, आणि चांदभाईंच्या बांधाला लागले.