राव सारांचा पिठाचा खिसा

राव सारांच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात कायम तांदळाचं पीठ असतं. खडू नव्हे, तपकीर नव्हे, पीठ. त्यामुळे सार शाळेत कुठे कुठे जाऊन आले हे कुणाला विचारावं लागत नाही. हजेरीपटावर, पाण्याच्या माठावर, एकदा तर हेडमिसच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा पांढरा पंजा उमटलेला होता.

नवऱ्याची बदली झाली म्हणून मी सांगलीहून कुंभकोणमला आले आणि या शाळेत चौथीला इंग्रजी शिकवू लागले. सार, म्हणजे इथल्या उच्चारात सर, तिसरीचे. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच मुरलेलं. वर्गात तमिळ, माझ्याशी मराठी, आणि तीही अशी की आपण पणजोबांशी बोलतोय असं वाटावं. दोन वर्गांमध्ये प्लायवुडची भिंत, तेव्हा त्यांचा अर्धा वर्ग माझ्याच कानात भरतो. मी माझ्या मुलांना धडा लवकर संपवा म्हटलं की पलीकडून आवाज येतो, "घाई कसाला, बाई? मुंगी पाहा."

सारांचा नियम असा, की एका आठवड्यात एकच गोष्ट शिकायची. मागे विड्याच्या पानाचा आठवडा झाला, आता कोलमचा. कोलम म्हणजे इथली दारापुढची तांदळाच्या पिठाची रांगोळी. सोमवारी तिचे ठिपके मोजता मोजता पाढे झाले. मंगळवारी रेघा सुरू झाल्या, मुलग्यांनाही घालायला लावल्या. एकाचे वडील तणतणत आले, माझा मुलगा इथे बायकांची कामं शिकायला येतो का म्हणून. सारांनी त्यांना खाली बसवून हातात पीठ दिलं. बऱ्याच वेळाने गृहस्थ गुडघे झटकत, आपली रेघ वाकडी का गेली याचा विचार करत घरी गेले. सार स्वतः मात्र रेघ ओढत नाहीत. ठिपके देतात आणि बाजूला होतात. मला वाटायचं, ही त्यांची शिकवायची पद्धत असेल.

बुधवारी अख्खी तिसरी अंगणात पालथी. हेडमिस धावत आल्या, त्यांना वाटलं जेवणातून विषबाधा झाली. मुलं आपली मुंग्या पीठ कुठे नेतात ते बघत होती.

त्या दिवशीचा घरचा अभ्यास होता, आपल्या दारातलं कोलम कागदावर उतरवून आणायचं. गुरुवारी कयल नावाची मुलगी कोरा कागद घेऊन आली. वर्ग हसला, आणि मग एकदम चिडीचूप झाला. मी दारातून डोकावले. कयलची आजी नुकतीच गेली होती. सुतकाच्या घरापुढे इथे कोलम घालत नाहीत, आणि नेमकं हेच सार विसरले होते. उद्या मी येणार नाही, असं ती पुटपुटली. शुक्रवारी सगळ्यांनी मिळून अंगणात मोठं कोलम घालायचं होतं, आणि कोलमला हात लावायचा नाही अशी तिला आदल्या रात्रीच घरून ताकीद मिळाली होती. वर्गात सगळ्यात सुबक रेघ तिचीच.

सारांनी त्या कोऱ्या कागदावर बरोबरची खूण केली. मग सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली. तिसरीतल्या मुलीची माफी मागणारा मास्तर मी तरी पहिल्यांदाच पाहिला. "तू कोलम घालू नकोस," ते तिला तमिळमध्ये म्हणाले, "पण मुंग्यांना वाढायला कुणीतरी हवं ना?"

शुक्रवारी कयल आली. बाकीचे रेघा ओढत होते आणि ती भिंतीकडेला चिमूट चिमूट पीठ ठेवत होती, पंगतीत वाढावं इतक्या गंभीरपणे. थोड्या वेळाने निम्मा वर्ग कोलम सोडून तिच्याभोवती जमला.

शनिवारी सकाळी भाजीला जाताना मी सारांच्या गल्लीतून गेले. दारोदार कोलम, सारांच्या दारात तेवढा नुसता पाण्याचा सडा. उंबऱ्याच्या कोपऱ्यात सार उकिडवे बसून खिशातलं पीठ चिमटीने ठेवत होते. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, सुतक कधीच फिटलेलं. मी न राहवून विचारलं.

"ठिपके मी घालायचों, रेघा ती," सार म्हणाले. "सगळी गल्ली हसायची. आतां ठिपके घातले तर रेघांची वाट पाहत बसतों. म्हणून घालत नाहीं. पण मुंग्यांना उपाशी कसाला ठेवायचें?"

चांगली भाजी संपेल, असं काहीतरी बोलून मी निघायला लागले.

"घाई कसाला, बाई?" म्हणत सार थोडे सरकले. मी पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसले. पहिली मुंगी आली होती.