दुसरा रुमाल

रुमाल कशासाठी असतो? आमच्या शेजारच्या मधुभाऊंच्या मते, जागा धरण्यासाठी. घाम पुसायला सदऱ्याची बाही आहेच की. "रुमालानं तोंड पुसते काय कोणी, ताई? रुमाल जागा धराले असते," हे त्यांनी मला इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं, की आपणच आजवर चुकत आलो असं मला क्षणभर वाटून गेलं.

त्यांच्याकडे नेहमी दोन रुमाल असायचे. पांढरे, इस्त्रीचे, एक डाव्या खिशात, एक उजव्या. यवतमाळच्या स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आधीच मधुभाऊ तिच्या अंगानं पळत सुटायचे आणि उघड्या खिडकीतून दोन्ही रुमाल आत फेकायचे. एक स्वतःसाठी, एक बायकोसाठी, म्हणजे सुमनताईंसाठी. शेजारी शेजारी पडायचे बरं का, एकदाही वेगळ्या सीटवर नाही. मग सुमनताईंना पुढे घालून, दोन्ही कोपरं पसरून, ते गर्दीतून आत शिरायचे. नवरा-बायको वेगवेगळ्या सीटवर बसलेत असं त्यांच्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं.

गाडीपुरतं असतं तर ठीक. पण कीर्तनात सतरंजीवर रुमाल, दाताच्या डॉक्टरकडे बाकड्यावर रुमाल. बाभुळगावला माझ्या पुतणीचं लग्न होतं. बायांची पंगत बसली, वाढून झालं, आणि पाहते तर सुमनताईंच्या शेजारच्या पाटावर पांढरा रुमाल. माझी जाऊ तो उचलायला गेली, तर मांडवाच्या खांबाआडून आवाज आला, "राहू द्या, राहू द्या, मी येऊनच राह्यलो." आले, आणि बसले बायांच्या पंगतीत मांडी घालून. सगळ्यांनी पदर सावरले. मधुभाऊ शांतपणे सुमनताईंच्या पानातला बोटभर ठेचा आपल्या पानात ओढून घेत होते. म्हणे, "तिले तिखट सोसत नाही." सुमनताई हळूच म्हणाल्या, "सोसते मले." पण ते कोणी ऐकलं नाही. मीसुद्धा हसण्यात होते.

मधुभाऊ सरकारी कापूस खरेदी केंद्रात ग्रेडर होते. बैलगाडीतल्या कापसाचा पुंजका उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ओढायचा, धागा किती लांब आणि किती मजबूत ते पाहायचं, आणि दर्जा सांगायचा. पुंजका तुटला की फेकून द्यायचा आणि दुसरा घ्यायचा. ही सवय हाताला अशी चिकटली होती, की बोलता बोलताही त्यांची बोटं हवेत काहीतरी ओढत असायची. "ताण देल्याशिवाय धागा कयत नाही, ताई," म्हणजे ताणून पाहिल्याशिवाय कळत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलीसाठी आलेल्या स्थळापासून पापडाच्या पिठापर्यंत कुठेही लागू.

आणि सगळ्यात जास्त लागू सुमनताईंना. सकाळच्या चहाबरोबर त्यांचा प्रश्न असायचा, "सुमन, मी मेलो तं तू काय करशीन?" आमची दोन घरं भिंतीला भिंत, त्यामुळे उत्तर आम्हालाही ऐकू यायचं. सुरुवातीच्या काळात सुमनताई म्हणायच्या, "असं अभद्र कायले बोलता?" पुढे पुढे म्हणायला लागल्या, "आधी भाजी फोडणीले टाकतो, मंग पाहीन." असं उत्तर मिळालं की भाऊ जेवायचे नाहीत. त्यांची समजूत काढता काढता भाजी थंड व्हायची.

एकदा तर हा गृहस्थ कूलरच्या मागे लपून बसला. का, तर आपण दिसलो नाही तर बायको शोधते की नाही, ते पाहायला. सुमनताईंना वाटलं गेले असतील पानठेल्यावर, म्हणून त्या कुलूप लावून हळदीकुंकवाला निघून गेल्या. परत आल्या तेव्हा भाऊंची कंबर धरलेली. आमच्या ह्यांनी आणि मी मिळून त्यांना बाहेर ओढलं. त्या अवस्थेतही ते सुमनताईंना म्हणत होते, "शोधलं नाही तुनं मले." आणि खरं सांगते, माफी सुमनताईंनी मागितली.

गल्लीत मात्र मधुभाऊंच्या प्रेमाचा केवढा बोलबाला. "नवरा असावा तर असा," असं मी आमच्या ह्यांना ऐकवायचे. ह्यांचं एकच उत्तर, "मंग मीबी बसू का कूलरमागं?" मी तोंडाची फटकळ, पण यावर मलाच हसू फुटायचं.

मग ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव नाही, बोंड हाताशी येईल याचा भरवसा नाही. सकाळचा पेपर उघडायला छाती होत नव्हती, आज कोणत्या गावचं नाव असेल म्हणून. खरेदी केंद्रं एकेक करून बंद झाली आणि मधुभाऊंना मुदतीआधीच घरी बसवलं. तोवर निदान कचेरीच्या वेळेपुरती सुमनताईंना मोकळीक होती. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. आता घरात दोघंच, आणि तपासायला दुसरा कापूस नाही.

भाजी आणायला दोघं. डॉक्टरकडे दोघं. सुमनताईंचं मंगळवारचं भजनी मंडळ होतं, तिथेही रुमाल टाकून भाऊ बायांमध्ये बसायला लागले. बायांना मोकळेपणी बोलता येईना. महिनाभरानं मंडळ दुसऱ्या कोणाच्या घरी भरायला लागलं आणि सुमनताईंना निरोप यायचा बंद झाला. त्यांनी मला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एका दुपारी त्या वाटी घेऊन आल्या. "हळद द्या थोडी." मी डबा काढायला उठले तर म्हणाल्या, "हळद हाय घरी. पाच मिनिटं बसू द्या फक्त. बोलू नका माह्यासंग." आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून बसल्या. मी गॅस बंद केला. कुकरच्या शिट्टीनंही त्यांना दचकवू नये असं वाटलं. इतक्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "सुमन, हळद भेटली का?"

सुमनताईंनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. त्या दिवसानंतर "नवरा असावा तर असा" हे मी पुन्हा म्हटलं नाही.

त्याच हंगामात, वेचणीच्या दिवसांत, फुलसावंगीहून सुमनताईंच्या भावाचा आमच्या फोनवर फोन आला. आई अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं. वेचणीला बाया मिळत नव्हत्या, मिळाल्या तर परवडत नव्हत्या, म्हणून भाऊ-भावजय दोघंही दिवसभर शेतात. आईला उठवायला-बसवायला कोणी नाही. सुमनताई उभ्या उभ्या म्हणाल्या, "मी येतो." मधुभाऊ लगेच म्हणाले, "आपन येतो म्हण."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर मीही गेले. सुमनताईंनीच म्हटलं होतं, "तुमी चला संग, मले बोलाचं हाय थे तुमच्यासमोर बोलतो." गाडी वळली, भाऊ पळाले, दोन रुमाल आत. सुमनताई चढल्या, सीटजवळ गेल्या, एका रुमालाची नीट घडी केली आणि पायरीवर येऊन तो भाऊंच्या हातात ठेवला.

"काहून?" भाऊ म्हणाले.

"तुमी नाही येऊन राह्यले."

"मंग तूबी नको जाऊ. मी एकटा मरून जाईन घरात, मंग कयन तुले."

गाडीतली माणसं माना वळवून पाहायला लागली. मला वाटलं, संपलं. आता ही उतरणार. सुमनताई दाराचा दांडा घट्ट धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मले ताण देऊन पाहून राह्यले तुमी. तपासलेल्या पुंजक्याचं काय करता केंद्रावर? फेकूनच देता ना? मले तसं फेकल्या जाचं नाही. आईचा पाय बरा होईलोक मी तिथं राहीन. तुमी येऊ नका."

कंडक्टरनं घंटी दिली. भाऊ हातातल्या रुमालाकडे पाहत फलाटावर उभेच राहिले. परत येताना ऑटोत त्यांनी तो रुमाल आपल्या शेजारच्या जागेवर ठेवला. मी समोरच्या बाजूला ड्रायव्हरला चिकटून बसले. काय करणार, जागा धरलेली होती.

मग सुरू झालं एकट्या मधुभाऊंचं घर. पलीकडून भांड्यांचा आवाज यायचा, मग खूप वेळ काहीच नाही. एकदा डबा द्यायला गेले तर जमिनीवर दोन ताटं मांडलेली. "सवयीनं मांडल्या गेलं," म्हणाले आणि एक उचलून ठेवलं. दिवसातून दहा वेळा आमच्या ओट्यावर यायचे. "फोन आलता काय? काय म्हणे? माह्यी आठवन काढली काय?"

शेवटी माझं तोंड सुटलंच. "भाऊ, ती तिथं आईचं हागणं-मुतणं काढून राह्यली. तुमची आठवण काढाले गेली काय ती? तुम्ही एकदा तरी विचारलं, आई कशी आहे?"

ते ओट्यावर टेकले. बोटं हवेत काहीतरी ओढत होती, ती थांबली. म्हणाले, "मले एकट्यानं राहता येत नाही, ताई. बाप मेल्यावर माय कामासाठी नागपूरले गेली. लहान बहिणीले घेतलं मांडीवर. स्टँडवर लय गर्दी. म्हणे, गाडीत जागा नाही, तू मागच्या गाडीनं मामासंग ये." आणि पुढे, "मामानं नेलंच नाही. मॅट्रिकलोक मामाकडंच होतो."

हे ऐकून माझी पंचाईत झाली. मला त्या माणसाचा राग करायचा होता, तो करता येईना. स्टँडवर एकटं उभं असलेलं ते पोर डोळ्यांसमोरून हलेना. पण माझ्या स्टुलावर डोळे मिटून बसलेल्या सुमनताईही हलत नव्हत्या. त्या पोराची जागा धरता धरता सुमनताईंना बसायला कुठे जागाच उरली नव्हती. हे भाऊंना सांगावं असं मनात आलं, पण चहा दिला.

त्या संध्याकाळी फोन आला. मी रिसीव्हर भाऊंच्या हातात दिला आणि पोळ्या लाटायला गेले, पण कान तिकडेच. मला वाटलं, आता येणार, 'मी मेलो तं'. भाऊंनी घसा साफ केला. "आई कशी हाय?" मग बराच वेळ नुसतं हूं, हूं. मग, "बसते काय आता? वॉकर भेटते म्हणतात इथं, पाठवू काय?" शेवटी, "बरं. ठेव." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "पुढच्या वेळेले तिनं विचारलं तं सांगा, भाऊ मजेत हाय. जेवते, झोपते, काही आठवनगिठवन काढत नाही."

"खोटं सांगू?"

"सांगा. नाही तं ती अर्ध्यात निघून यीन."

मी सांगितलं. सुमनताई पलीकडून म्हणाल्या, "असं? मंग संक्रांतीले येऊन जातो चार दिवस."

आल्या. भाऊ स्टँडवर घ्यायला गेले नाहीत. सकाळपासून आमच्या ओट्यावर हातांवर हात दाबून बसले होते. चार दिवसांत चहाबरोबरचा तो प्रश्न भिंतीपलीकडून एकदाही आला नाही. एकदा सुमनताईंचं हसू ऐकू आलं. त्या वाटी न घेता माझ्याकडे आल्या, तासभर बसल्या, भरपूर बोलल्या, आणि कोणी हाक मारली नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "सुधरले असं नाही म्हणत मी. पाहू."

परत जायच्या दिवशी मलाही स्टँडवर नेलं. गर्दी ही एवढी. गाडी वळली आणि मधुभाऊ त्या वयातही सुटले तिच्या अंगानं. मी टाचा उंच करून पाहिलं. त्यांचा हात वर गेला, आणि खिडकीतून रुमाल आत पडला. एकच.

सुमनताई खिडकीशी बसल्या. शेजारी कोणी बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली. सुमनताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली भाऊंकडे. "तुमी?"

"मले भाजी आनाची हाय," भाऊ म्हणाले. घरी भाजी होती. मीच सकाळी दिली होती.

"बरं. ठेचा खाऊ नका लय."

"तू खात जा. सोसते तुले."

गाडी हलली. सुमनताईंनी खिडकीतून हात केला, आणि भाऊंनीही केला. गाडी फाटकातून बाहेर पडून आर्णी रोडकडे वळेपर्यंत ते उभे होते. मग त्यांनी उजव्या खिशातून दुसरा रुमाल काढला, इस्त्रीची घडी मोडली आणि तोंड पुसलं.