डायरीतला जादा दोन

तहसील कचेरीत सव्वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या हातून सूचनेची अंमलबजावणी चुकत नसते! लातूरचे पाच आकडी फोन सहा आकडी होणार, जुन्या नंबराआधी दोन लावा, असं पेपरात आलं त्याच संध्याकाळी मी घरच्या डायरीतल्या एकूण एक नंबराआधी दोन लिहून टाकला. जिल्हा नवा झाला तेव्हा इथले नंबर तीन आकडी होते. तेव्हापासूनचा प्रत्येक बदल मी असाच वेळेत केलाय.

रविवारी बारा वाजता आमच्या सिंधुला बघायला औशाहून पाहुणे येणार होते. दुष्काळाचं साल, नळ बारा दिवसांनी यायचा आणि घरात उरल्या होत्या दोन घागरी. पाहुण्यांना पाय धुवायला पाणी द्यावं की चहा, असा प्रश्न होता.

"पंचशीला, काळजी करू नको," मी बायकोला म्हणालो. "टँकरवाल्या व्यंकटीचे तीन नंबर आहेत आपल्याकडं."

आधी त्याच्या घरचा लावला.

"व्यंकटी का? मी नरसिंग. विहारामागचं निळं दार. टँकर पाठव."

"इथं व्यंकटी न्हाई. मी शिवप्पा."

टँकरच्या अड्ड्यावर लावला. "मी नरसिंग, विहारामागचं..."

"निळं दार. शिवप्पाच हाय मी."

व्यंकटीच्या भावाकडं लावला. तिथंही शिवप्पा! आता मला राग आला.

"तुम्ही लोकांच्या घरोघरी जाऊन फोन कशाला उचलून राहिलात?"

"मी सकाळपासून माझ्याच बाजंवर हाय, साहेब. तुम्हीच माझ्या घरात येऊन राहिलात."

मी चिकाटी सोडली नाही. तिन्ही नंबर पुन्हा क्रमानं लावले. सहाव्या वेळी शिवप्पांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही, नुसता सुस्कारा सोडला. घड्याळात अकरा वाजले होते आणि सिंधु रिकाम्या हंड्याजवळ रडवेली होऊन बसली होती.

पंचशीलानं डायरी ओढली. "अहो, ह्या नंबरांना सात आकडे कसे?"

"मी तर एकच दोन लावला."

दुसरा तिचा होता. ती पडली शाळेत बाई. सूचना तिनंही वाचली होती आणि दुसऱ्या दिवशी तिनंही डायरी काढली होती. माझा दोन इतका सुबक, की तिला तो मूळचाच वाटला. सहा आकड्यांपुढं एक्स्चेंज काही ऐकत नाही. व्यंकटीचे तिन्ही फोन एकदम घेतलेले, फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. तो गळाला की सगळे थेट शिवप्पांकडं! कचेरीत खाडाखोडीशेजारी सही केल्याशिवाय मी कागद पुढं सोडत नाही. घरच्या डायरीत मात्र सही राहिली होती.

जादा दोन खोडून व्यंकटीला फोन लावला.

"टँकर कवाच निघाला की, साहेब," तो म्हणाला. "शिवप्पामामा आमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांचा फोन आलता. म्हणाले, निळ्या दाराला आधी पाणी दे, न्हाईतर तो माणूस मला जेवू देत न्हाई."

पाणी आलं, पाहुणे आले, सिंधुचं जमलं. मला अगदी भरून आलं. आभार मानून लग्नाचं आमंत्रण द्यावं, म्हणून मी मुद्दाम जादा दोन लावून शिवप्पांना फोन केला.

"येतो की," ते म्हणाले. "फकस्त तारीख तेवढी पोस्टकार्डावर कळवा."