कर्णिक बाईंची मारामारी

आमच्या शेजारच्या कर्णिक बाई रोज संध्याकाळी चहा झाला की गुंडांना बडवायला बसतात. वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे दुखरे, चष्मा जाड. पण टीव्हीसमोर खुर्ची ओढून त्यांनी कंट्रोलर हातात घेतला की पडद्यावरच्या गल्लीत एक माणूस उभा राहत नाही. भिंतीपलीकडून ऐकू येतं, "घे. अजून घे. मेल्या, मागून येतोस?" आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या बायकोनं विचारलं होतं, पोलिसांना फोन करायचा का म्हणून.

बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. यजमान आम्ही येण्याच्या आधीच गेलेले. मूलबाळ नाही. घरी त्या, एक तुळस आणि तो व्हिडिओ गेमचा जुना डबा. दोन भावांनी मिळून बंदरावरच्या टोळीला झोडपायचं, एवढाच तो गेम. बाई त्याला नावानं कधी बोलावत नाहीत. "आमची मारामारी" म्हणतात.

बाकीचा दिवस त्या रागात असतात. कुठलीही गोष्ट कुणी सुधारली की बाईंचा प्रश्न ठरलेला, "कुणी सांगितलं होतं?" सोसायटीनं बिल्डिंगला जांभळा रंग दिला तेव्हा त्यांनी वॉचमन घरतांना गेटवरच धरलं. घरत बिचारे म्हणाले, "बाई, आमी नाय केला. शेक्रेटरीनी सांगितला." बाई म्हणाल्या, "मग त्याला कुणी सांगितलं होतं?" तळ्याकाठी रंगीत दिवे लागले, कुणी सांगितलं होतं? बेकरीवाल्यानं खारीत ओवा घातला, कुणी सांगितलं होतं? मी मिशी काढली त्या दिवशी लिफ्टमध्ये त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बघत राहिल्या. पुढच्या महिन्यात मी मिशी परत वाढवली.

असं असताना मला अवदसा आठवली. बाईंच्या त्या गेमचा रिमास्टर आला. म्हणजे गेम तोच, पण चित्रं नव्यानं घासूनपुसून, आवाज नवा. मला वाटलं, म्हातारीला आनंद होईल. बाईंच्या वाढदिवसाला मी तो विकत घेतला, माझा गेमचा डबा उचलून त्यांच्याकडे नेला आणि त्यांच्या टीव्हीला जोडला.

"बघा बाई, चित्र किती स्वच्छ."

"गुंडांची गल्ली आहे मंदार. स्वच्छ कशाला?"

खेळ सुरू झाला. पहिला गुंड समोर आला. बाईंनी त्याला मारलंच नाही, चष्मा सारखा करून न्याहाळलं.

"ह्याचे दात बघ. दात घासून मारामारीला आलाय. आणि हे आकाश? विटकरी होतं. संध्याकाळ होती तिथे, कामगार घरी चालले होते. ह्यांनी जांभळं केलं. आपल्या बिल्डिंगचाच रंगारी नेला होता का?"

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, जुने डबे बंद पडतात, नव्या टीव्हीला जोडता येत नाहीत. रिमास्टर काढला नाही तर असे गेम कुणाच्या लक्षातही राहणार नाहीत.

"मग जसा आहे तसा चालू करून द्यायचा," बाई कडाडल्या. "घर झाडायला सांगितलं तर भिंत पाडायची का? शाळेत पोरांच्या चित्रावर मी कधी ब्रश चालवला नाही. चुकलं असेल तर बाजूच्या कागदावर काढून दाखवायची. दुसऱ्याच्या चित्रात हात घालायचा नसतो, एवढी साधी अक्कल नाही ह्यांना."

मी दुसरा कंट्रोलर घेतला आणि दुसरा भाऊ झालो. रागावलेल्या बाईंबरोबर खेळणं फार अवघड. त्या सपासप पुढे गेल्या. मला दोघांनी पिंपाआड गाठलं आणि मी मार खात मागेच राहिलो. बाई गल्लीच्या टोकाशी पोचल्या, तशी माझी आकृती पिंपाआडून नाहीशी झाली आणि टप्पकन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"हा इथे कसा आला?" बाईंनी विचारलं.

"नवीन सोय आहे. एक जण मागे पडला की आपोआप पुढे येतो. दुसऱ्याला थांबायला लागू नये म्हणून."

बाईंनी कंट्रोलर खाली ठेवला. आता त्या ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. त्या ओरडल्या नाहीत.

"ते बंद कर."

मी सगळी सेटिंग उघडून पाहिली. रंग बदलता येत होते, आवाज बदलता येत होता. ही सोय बंद करायची सोय नव्हती. तसं मी सांगितलं.

"मग तुझा डबा उचल," बाई म्हणाल्या. राग होता, पण आवाज बारीक झाला होता. त्या स्वतः उठल्या, टीव्हीमागे हात घालून माझी वायर उपटली आणि त्यांची जुनी जोडायला लागल्या. माझ्याकडे पाठ होती. तसंच बोलू लागल्या.

"आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. फिजिओथेरपीवाली म्हणाली, बोटं हलती ठेवा. तो रबरी चेंडू दाबायचा ह्यांना कंटाळा. मग भाच्यानं हा गेम आणून दिला. मी पुढे जायची, हे मागे. एक बटण दाबायला ह्यांना किती वेळ लागायचा. आणि जुन्या गेममध्ये दोघं टोकाला आल्याशिवाय चित्र पुढे सरकत नाही. मी ओरडायची. रोज ओरडायची. पण सोडून जाता यायचं नाही. थांबावंच लागायचं."

जुना गेम सुरू झाला, ढोबळ चौकोनी माणसं, विटकरी आकाश. दुसरा कंट्रोलर घ्यायला मी हात पुढे केला.

"तो राहू दे," बाई म्हणाल्या.

त्यांनी एकटीनं सगळी गल्ली साफ केली. टोकाला गेल्या. चित्र थांबलं. दुसरा भाऊ पार डावीकडे, सुरुवातीला होता तिथेच उभा होता. बाईंनी आपला कंट्रोलर मांडीवर ठेवला, दुसरा उचलला आणि एका अंगठ्यानं त्याला सावकाश चालवत आणलं. पडलेल्या गुंडांना वळसा घालून, पिंपांच्या बाजूनं. तो येऊन त्यांच्या माणसाशेजारी उभा राहिला.

"इतका वेळ लागतो का हो," बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, आणि चित्र पुढे सरकलं.