इनास तसबीरकार यांनीं थोरलें चर्च सांधिलें ती हकीकत

श्री. ज्या परमेश्वरें अंधारांतून उजेड वेगळा काढिला, त्यास नमस्कार करून लिहिणें ऐसें जे: शके १९३१ विरोधी नाम संवत्सरीं मार्गशीर्ष मासीं समुद्रकांठच्या एका राज्यांत हुकूम सुटला कीं बंदर वाढवावें आणि आड येणारें थोरलें चर्च पाडावें. चर्च तीनशें वर्षांचें, आंत दोहों बाजूंस अकरा अकरा खांब, सारे एकसारखे. रयतेनें अर्ज केले, कोणी ऐकिलें नाहीं. मग पाद्रीबावांनीं इनास तुस्कान तसबीरकार यांस बोलाविलें आणि म्हणाले, "इनास, वाचवणं आपल्या हाती नाही. निदान सगळं आतलं एका तसबिरीत येऊ दे." इनास म्हणाले, "एवढं थोरलं एकदम मावायचं नाही, फादर. तुकडे घेईन आणि मग सांधीन." मग त्यांनीं मधोमध तिवईवर कॅमेरा चढविला आणि एका तुकड्याचा कांठ दुसऱ्यांत येईल ऐसा थोडा थोडा फिरवीत तीन दिवसांत दोनशें चाळीस तुकडे घेतले. पाडणाऱ्यांचीं यंत्रें अंगणांत आलींच होतीं, त्यांनीं फरशी थरथरे, तेव्हां इनास हात आंवरून उभे राहत आणि पुन्हा घेत. मग घरीं जाऊन तुकडे संगणकाचे स्वाधीन केले आणि संगणकानें ते ऐसे जोडिले कीं सांधा कोठें दिसेना. तसबीर वीस हात लांब छापून नव्या सभागृहांत टांगिली, तोंवर चर्च भुईस मिळालें होतें. माणसें तसबीर पाहून रडलीं आणि इनासांचे हात धरूं लागलीं.

त्यांत रेजिनबाई कोळीण आली. तिनें अडतीस वर्षें तें चर्च झाडिलें होतें. तिचा लेक इस्तेव होडीसह बुडाला, प्रेत मिळालें नाहीं, म्हणून भिंतींतील एका दगडावर त्याचें नांव कोरिलें होतें आणि तीच त्याची कबर. ती बोटानें खांब मोजूं लागली आणि म्हणाली, "इनासभाऊ, डावीकडं दहाच हायेत. सातव्या-आठव्या खांबामधली भिंत कुठं गेली? माझा इस्तेव तिथं होता." इनासांनीं मोजिले, दहाच. खांब एकसारखे, म्हणून संगणकानें आठवा तोच सातवा समजून मधली भिंत गिळिली होती, आणि इतक्या दिवसांत इनासांनीं एकदांही खांब मोजिले नव्हते. ते धांवत घरीं गेले आणि त्या भिंतीचे तुकडे उघडिले, तों त्या वेळीं ध्यानीं न आलेल्या थरथरीनें सारे पुसट, अक्षर लागेना. मग चर्चच्या जागीं धांवले. तेथें सपाट माती. मुकादमास पुसिलें, "इथले दगड कुठं आहेत?" तो म्हणाला, "भराव चाललाय ना, साहेब. समुद्रात लोटले."

इनास परत आले आणि खालीं मान घालून सांगते झाले. रेजिनबाईनें तसबिरींतील सातव्या खांबाशीं बोट टेकविलें. मग म्हणाली, "म्हणजे पुन्यांदा बुडाला."

इनास म्हणाले, "मावशी, मी नवा दगड कोरवून देतो." ती म्हणाली, "आणि लावशील कुठं?" आणि निघून गेली.

ऐसें वर्तमान घडलें. परगांवचे पाहुणे येऊन तसबीर वाखाणितात. रेजिनबाई सभागृहाची पायरी चढत नाहीं, आणि इनासांनीं कॅमेरा पुन्हा हातीं धरिला नाहीं. लिहिणारानें पाहिलें तें लिहिलें. याउपर लिहवत नाहीं.