डॅश डॅश सेंटर

"एक ओळ, साहेब! फक्त एक ओळ चिकटवायची की काम फत्ते!"

ऑफिसात पंडित म्हणून ओळखला जाणारा तो इंजिनिअर छाती फुगवून म्हणाला. डोळ्यांच्या दवाखान्याच्या प्रोग्रामने आज घोळ घातला होता. सगळ्या पेशंटना दहाचीच वेळ! दुरुस्त केलेला प्रोग्राम तयार होता, पण तो चढवायचा दवाखान्याच्याच मशीनवर. बाहेरच्या कुणाला आत हात घालायला बंदी. पंडितने ती ओळ, म्हणजे मशीनला द्यायची कमांड, मेलने पाठवली. काउंटरवरच्या बाईंनी ती उचलून स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत चिकटवली.

बाईंनी मेलने मशीनचं उत्तर कळवलं, "हा पर्याय मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? मीच शिकवलाय त्याला!" पंडित ओरडला. दवाखान्याला फोन लावावा, तर लाइन सतत बिझी. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या वाढायला लागल्या.

तेवढ्यात पंडितचाच मोबाइल वाजला. मावशी!

"अरे, मी डोळे दाखवायला आलेय. इथे नुसती झुंबड! एका खुर्चीवर दोघं बसलेत, आणि दोघंही म्हणतात माझाच नंबर! हा तुझाच प्रोग्राम ना रे?"

पंडितचा चेहरा उजळला. "मावशी, देवासारखी भेटलीस! काउंटरवर जा आणि स्क्रीनचा फोटो पाठव."

फोटो आला आणि पंडितने कपाळावर हात मारला. कमांडमधल्या दोन छोट्या आडव्या रेघा मेलने परस्पर जोडून एक लांबलचक रेघ करून टाकली होती. दिसायला झोकदार, पण मशीनला काडीचं कळेना!

"मावशी, आता चिकटवायचं नाही. मी सांगतो, तू बाईंना सांग, त्या हाताने टाइप करतील. शेवटचा शब्द तेवढा बदलायचा. डॅश डॅश सेंटर!"

मावशी जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिच्या आवाजाला फोनची गरजच नव्हती. "डॅश डॅश सेंटर!" सगळा व्हरांडा दणाणला. मागून पेशंटही एका सुरात म्हणाले, "डॅश डॅश सेंटर!"

मशीन म्हणालं, माहीत नाही.

"काय टाइप केलंय?"

"डी ए एस एच, डी ए एस एच..."

"अगं, शब्द नव्हे! रेघ! आडवी रेघ!"

"मग रेघ म्हणायचं ना! बाई, रेघ काढा! अजून एक!"

मशीन काहीतरी वेगळंच बरळलं. बाईंनी दोन रेघांमध्ये ऐसपैस जागा सोडली होती.

"वेगळी चूक आली, साहेब!" पंडित आनंदाने उडालाच. "म्हणजे आपण पुढे सरकलो!"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि एका दमात संपवला.

रेघा एकमेकींना चिकटल्या. तरी मशीन अडून बसलं. पंडितने दुसरा फोटो मागवला आणि डोळे फाडून पाहिला.

"मावशी, सेंटरच्या शेवटी आर ई का?"

"मग? तेच बरोबर आहे! मी शाळेत तेच शिकवलंय."

"मशीनला ई आर हवंय."

"चुकीचं स्पेलिंग? माझ्या तोंडून? मुळीच नाही!"

"मशीनचं शुद्धलेखन कच्चं आहे गं! आजच्या दिवस सांभाळून घे!"

पलीकडून दुखावलेला आवाज आला, "बाई, ई आर लिहा. पण हे माझं मत नाही, लक्षात ठेवा!"

बाईंनी कळ दाबली. व्हरांडा श्वास रोखून उभा राहिला. आणि मग फोनमधून असा जल्लोष उसळला की पंडितने मोबाइल कानापासून लांब धरला! काउंटरवर नव्या वेळा झळकल्या, प्रत्येकाला वेगळी. एका खुर्चीवरचे दोघं उठून एकमेकांना "आधी तुम्ही बसा" म्हणायला लागले. साहेबांनी पंडितची पाठ इतकी थोपटली की त्याला ठसका लागला.

पंडित संध्याकाळी शीळ घालत घरी पोचला. आई दारातच उभी होती, आनंदाने फुललेली.

"कळलं का? मावशीने आज दवाखान्याचा बिघडलेला कॉम्प्युटर दुरुस्त केला! नुसत्या बोलण्यावर! डॉक्टर स्वतः बाहेर येऊन हात जोडून गेले म्हणे!"

"आई, ते खरं तर मी..."

"तू काय? इतकी वर्षं त्या डबड्यासमोर बसतोस, तुझ्यासाठी कधी कुणी टाळ्या वाजवल्यात का? जरा मावशीकडून शीक काहीतरी!"