आमची नोंद झाली

शहरात किती माणसं राहतात हे माहीत नसतानाही शहर चालवता येतं, ही गोष्ट नगरपालिकेने वर्षानुवर्षे सिद्ध करून दाखवली आहे. नळाला पाणी आलं की ते सगळ्यांना पुरत नाही, एवढ्यावरून माणसं पुष्कळ आहेत असा अंदाज घरबसल्या बांधता येतो. तरीही दर दहा वर्षांनी शिरगणती करावी लागते, कारण तसा नियम आहे. त्यासाठी नागरिकांनी फक्त दार उघडायचं असतं, आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

म्हणून या शहराने 'जनगणना सहभाग प्रोत्साहन कक्ष' स्थापन केला. कक्षात एकेचाळीस माणसं कामाला होती (मंजूर जागा बत्तीस, हा फरक कसा पडला ते मोजणं कक्षाच्या कक्षेत येत नव्हतं). लोक दार का उघडत नाहीत, याची कक्षाने आधी घरोघर पाहणी केली. नऊशे घरांपैकी आठशे चौऱ्याऐंशी घरांनी दार उघडलं नाही. उरलेल्या सोळा घरांनी 'आम्ही नेहमीच उघडतो' असं सांगितलं. त्यावरून, उत्तर देणारे शंभर टक्के नागरिक दार उघडायला उत्सुक आहेत असा निष्कर्ष निघाला आणि कक्षाला हुरूप आला.

मग गल्लोगल्ली भोंग्याची गाडी फिरली. 'दारं उघडा' हा संदेश इतक्या मोठ्याने देण्यात आला, की लोकांनी उघड्या होत्या त्या खिडक्याही लावून घेतल्या. घोषवाक्य स्पर्धा झाली. पहिल्या बक्षिसाचं वाक्य होतं, 'टकटक होताच दार उघडू, शहराचं भवितव्य घडवू.' ढाल घेऊन शिपाई विजेत्याच्या घरी तीनदा गेला, पण दार कोणी उघडलं नाही. ती ढाल सध्या कक्षात साहेबांच्या टेबलावर आहे, आणि तिच्यामुळे फाइली वाऱ्याने उडत नाहीत.

शेवटी स्टिकर निघाला. हिरव्या गोलात पांढरी अक्षरं, 'आमची नोंद झाली.' मोजणी झाल्यावर प्रगणकाने तो दारावर चिकटवायचा, अशी मूळ योजना होती. पण गोदामात आधीच्या मोहिमेची पत्रकं ठासून भरलेली होती. स्टिकर ठेवायला जागा नाही म्हणून ते सकाळच्या वर्तमानपत्रांतून आधीच वाटून टाकण्यात आले. चार दिवसांत शहराच्या सत्त्याण्णव टक्के दारांवर हिरवा गोल झळकला. प्रोत्साहनाला नागरिकांनी इतका भरघोस प्रतिसाद यापूर्वी कधीच दिला नव्हता. हा गोल दिसला की विक्रेतेसुद्धा बेल वाजवत नाहीत, असाही अनुभव अनेकांनी कळवला. कक्षातल्या मंडळींनी एकमेकांना पुष्पगुच्छ दिले. मोजणी पाचव्या दिवशी सुरू व्हायची होती.

या साऱ्या यशाचं फळ ज्यांच्या पदरात पडलं, त्या म्हणजे रीतबाई.

रीतबाई सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. हे नाव मुलांनी ठेवलेलं. उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवली नसेल तर बाई शून्य देत. (एका पालकाने तक्रार केली तेव्हा तक्रारीचीही रीत चुकल्याचं त्यांनी दाखवून दिलं होतं.) शिरगणतीला शिक्षक लागतात, आणि मोजायचं म्हणजे गणिताच्याच बाई हव्यात, एवढा विचार करून त्यांची प्रगणक म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या वाट्याला एकशे अडुसष्ट दारांचा गट आला. गट पूर्ण होईपर्यंत रजा नाही, असा आदेश होता.

आणि बाईंना रजा हवी होती. सहा तासांच्या अंतरावर त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाची वाट पाहत होती. डॉक्टरांनी बावीस तारीख दिली होती.

"आई, तू येणार ना?" ती रोज फोनवर विचारायची. "सगळे आहेत गं इथे. पण मला तू हवीयेस."

"येणार म्हणजे काय, येणारच," बाई म्हणायच्या, आणि फोन ठेवल्यावर कॅलेंडरकडे बघत बसायच्या. मोजणी सुरू झाली त्या दिवशी चौदा तारीख होती.

पहिल्या तीन दिवसांत पाच दारं उघडली. दोघांना बाई म्हणजे पार्सल आलंय असं वाटलं. एक गृहस्थ बाहेरच निघाले होते, ते जिना उतरता उतरता घरातली माणसं सांगत गेले आणि दुसऱ्या मजल्यानंतर ऐकू येईनासे झाले. चौथं दार कुलूपवाल्याने उघडलं. घरमालक त्याच्या मागेच उभा होता, पण आपण इथले नाही म्हणाला. पाचव्या घरातल्या आजींनी बाईंना बसवून घेतलं, पाणी दिलं, सगळी उत्तरं दिली आणि निघताना विचारलं, "उद्या पण येशील का गं?" उरलेल्या एकशे त्रेसष्ट दारांवर आमची नोंद झाली होती.

बाईंचा जीव टांगणीला लागला. त्या कक्षात गेल्या. सहभाग अधिकारी साहेब मोठ्या मनाचे होते.

"बाई, एवढं काय मनाला लावून घेता? स्टिकर आहे ना? मग झालीच की नोंद. घरटी चार माणसं टाका आणि आज रात्रीची गाडी पकडा."

"चार कुठून आले, साहेब?"

"सरासरी आहे ती."

"सरासरी काढायला आधी मोजावं लागतं."

"ते पुढच्या खेपेला बघू," साहेब म्हणाले.

बाई घरी निघाल्या. खरं सांगायचं तर वाटेत दोनदा त्यांनी पिशवीतून पेन काढलं. एकशे त्रेसष्ट गुणिले चार, सहाशे बावन्न. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, आणि पलीकडे लेक होती. पण ज्या पोरांना त्यांनी सव्वीस वर्षं शून्य दिली ती सगळी डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली, आणि पेन परत पिशवीत गेलं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. आपल्यालाच मेलीला एवढा सोस कशाला, असं त्या भर रस्त्यात मोठ्याने म्हणाल्या.

घरी पोचल्या तर किल्ली विसरलेली. बेल वाजवली. आत चाललेला टीव्ही तत्काळ बंद झाला. चपला हळूच दारापर्यंत आल्या, दारावरचं भिंग काळं झालं, मग त्यांच्या यजमानांचा दबका आवाज आला. "आई, हलू नकोस. नोंदवाली दिसतेय."

"गेली का?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे हे त्यांनी खड्या आवाजात विचारलं.

बाई स्वतःच्याच दारासमोर उभ्या राहिल्या. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भिंगातून बघणारा एक. 'गेली का' विचारणाऱ्या एक. एकूण दोन. दार न उघडता घर मोजलं गेलं होतं, आणि तेही रीतसर.

"अहो, मी आहे!" बाई ओरडल्या तेव्हा दार उघडलं. यजमान म्हणाले, "भिंगातून तू वेगळीच दिसतेस." आत गेल्यावर बाईंचा चेहरा जरा पडला. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांचे दीर पुस्तक वाचत बसले होते.

"भावजी, बेल ऐकू आली नाही?"

"आली की," त्यांनी पान उलटलं. "कोणीतरी उघडेल म्हटलं."

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या कामाने वेग घेतला. बेल वाजवायची, कान दाराला लावायचा आणि लिहायचं. त्यांच्या नोंदी आजही कक्षात पाहायला मिळतात. 'घर बेचाळीस: टीव्ही बंद करणारे १, 'कोण आहे?' विचारणारं मूल १, त्याला 'श्श' करणाऱ्या १, एकूण ३. घर एकाहत्तर: 'घरात कोणी नाही' असं एका सुरात सांगणारे २, त्यांना हसणारी १, एकूण ३. घर त्र्याण्णव: शिंक दाबणारे १, ती न दाबता आल्याबद्दल त्यांना बोलणाऱ्या १, एकूण २.' प्रत्येक पानावर रीत होती. एकवीस तारखेच्या दुपारी एकशे अडुसष्टावं घर संपलं.

शेवटी शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'या रीतीत एक त्रुटी आहे. प्रत्येक घरात बेल ऐकूनही वाचत बसणारा एक इसम असू शकतो. त्याचा आवाज येत नाही. तो उत्तरात मिळवावा.'

साहेबांनी कागद पाहिले आणि ते भारावून गेले. नागरिकांना जागचं उठवल्याशिवाय त्यांचा सहभाग मिळवणारी पद्धत या शहरात प्रथमच सापडली होती. तिला 'श्रवणाधारित नागरी सहभाग' असं नाव पडलं आणि संध्याकाळच्या आत परिपत्रक सर्व गटांना गेलं. फक्त शेऱ्यावर त्यांनी लाल रेघ मारली.

"बाई, ज्याचा आवाजच येत नाही, त्याला शहर कसं मोजणार?"

बाई वाद घालणार होत्या. तोंड उघडलंही होतं. पण साहेबांनी रजेच्या अर्जावर सही करून तो पुढे सरकवला, आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक त्रुटी डोळ्यांदेखत तशीच सोडली. गाडीला चाळीस मिनिटं होती. ती त्रुटी त्यांना अजूनही खुपते.

बावीस तारखेला पहाटे नात झाली. आल्या आल्या तिने असा टाहो फोडला, की दोन खोल्यांपलीकडची परिचारिका धावत आली आणि वहीत लगेच नोंद झाली. बाईंनी तिला छातीशी धरलं आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "रड गं बाई," त्या म्हणाल्या, "चांगलं मोठ्याने रड."

पुढे शहराची लोकसंख्या जाहीर झाली, तिच्यावर पाण्याच्या टाक्या, शाळा आणि दवाखाने बेतले गेले, आणि सगळं थोडं थोडं कमी पडू लागलं. किती कमी पडतं याचा कक्षाने शोध घेतला. घरटी बरोबर एका माणसाचं.

तो माणूस मात्र मजेत आहे. आता आता त्याच्या दारावरची बेल दोनदा वाजून गेली. कोणीतरी उघडेल म्हणून तो इथवर वाचत आला आहे.